साखरेच्या डब्याखालचा मासा

माझ्या बाबांचं नाक आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली, आमच्या भाषेत प्लांटमधली, सगळी नोकरी त्यांनी कोक ओव्हनच्या बाय-प्रोडक्ट खात्यात काढली. कोळसा भाजताना जो गॅस निघतो, त्यातून डांबर, डांबरगोळ्यांचं नॅप्थलिन, बेंझॉल, खतासाठी अमोनियम सल्फेट असं एकेक वेगळं काढणारं ते खातं. तिथे डोळ्यांपेक्षा नाक कामाला येतं, असं ते सांगतात. हुडको वसाहतीतल्या आमच्या अंगणात उभे राहून, वारा जरा फिरला की ते म्हणायचे, "आज डांबराचा टँकर भरून राहिले," आणि संध्याकाळी शिफ्टवरून परतणारा कोणीतरी ते खरं असल्याचं सांगून जायचा. निवृत्त झाले तरी नाक काही निवृत्त झालं नाही. आई फोडणीत हिंग विसरली तर ते बाहेरच्या खोलीतून तसं कळवतात. कॉलेजात असताना माझ्या मैत्रिणीनं चोरून नेलपॉलिश लावलं, तर ते तिच्या आईच्या आधी माझ्या बाबांना कळलं होतं.

या नाकाच्या भरवशावर बाबांनी वीसेक वर्षं आमच्या वस्तीला पाणी पाजलं.

म्हणजे जयंतीला. आमच्यात नुसतं जयंती म्हटलं की चौदा एप्रिलची, वेगळं सांगावं लागत नाही. विदर्भातून प्लांटच्या आणि रेल्वेच्या नोकरीला आलेली आमची माणसं पार भिलाई-तीन या गावापर्यंत पसरली आहेत. ती सगळी त्या दिवशी पांढरे कपडे घालून रॅलीत चालतात, आणि एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन काही कोणाची जयंती बघून कमी होत नाही. चौकात आमच्या कमिटीचा पाण्याचा आणि लिंबाच्या सरबताचा स्टॉल लागतो. आमच्या आजोबा-पणजोबांना पाण्याच्या घोटासाठी काय ऐकून घ्यावं लागलं, हे आम्ही लहानपणीच ऐकलेलं असतं. त्यामुळे त्या दिवशी लोकांना पाणी देणं हा मान असतो, आणि तो मान बाबांचा. भाषणं कोणीही करावीत, हार कोणीही घालावा, पाण्याला हात बाबांचा लागायचा.

त्यासाठी त्यांच्याकडे अकरा ड्रम होते. निळे, प्लास्टिकचे, दोनशे लिटरचे, शेजारच्या रसमडा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत रसायनं येतात तसले. रिकामे झाले की ते कारखान्याच्या फाटकाबाहेर भंगारवाल्याकडे जात आणि तिथून बाबांकडे, कधी थेट फाटकातूनच. त्यांना तयार करण्याची बाबांची एक पद्धत होती. भर दुपारी दोन वाजता ड्रम उन्हात आडवा ठेवायचा. तासाभरात लेबलाचा गोंद मऊ पडला की एका कोपऱ्यातून धरून ते अख्खं, न फाडता, सोलून काढायचं. मग राख, चिंच आणि कढत पाणी, असे तीन हात. मग दोन दिवस ऊन. शेवटी बाबा ड्रममध्ये डोकं घालून वास घ्यायचे. आतून त्यांचा घुमणारा आवाज यायचा, "पास!" आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्यातच राहा आता."

हे ड्रम वस्तीतल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला, भंडाऱ्याला जायचे. तेलुगू शेजाऱ्यांकडे गेले, केरळी शेजाऱ्यांकडे गेले, छत्तीसगढी घरांत बाळाच्या छट्ठीला गेले. परत आले की बाबा पुन्हा धुवायचे. लोक त्यांना ड्रमवाले काका म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

जयंतीला आणखी एक रीत होती. सरबत ढवळून झालं की पहिला ग्लास बाबा स्वतः प्यायचे. सगळ्यांसमोर, उभ्यानं. मग ग्लास पालथा ठेवून थोडा वेळ इकडेतिकडे करायचे, मंडपाची दोरी ओढून बघायचे, कोणाला तरी हाका मारायचे, आणि मग म्हणायचे, "हं, या आता." तोवर लोक घाम पुसत उभे. आईला याचा भारी राग. "साऱ्या दुनियेच्या आधी यायलेच तहान लागते," असं ती दरवर्षी म्हणायची. मलाही तो त्यांचा थोडा तोरा वाटायचा. माणसाला वर्षातून एक दिवस तोरा मिरवू द्यावा, म्हणून मी काही बोलत नसे.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी झाले आणि रसमड्यातल्याच एका कारखान्यात लागले. कारखाना फार मोठा नाही. मशीन थंड ठेवणारी कूलंट, फरशा आणि भांडी धुण्याची रसायनं, असा टनावारी माल निघतो. माझं काम कागदाचं. प्रत्येक रसायनाची एक पत्रिका करायची. हे डोळ्यात गेलं तर काय होतं, अंगावर सांडलं तर काय, नाल्यात गेलं तर मासे जगतात का, रोज थोडं थोडं दहा वर्षं पोटात गेलं तर काय. जगभर नियम असा होत चालला आहे की एखादं रसायन जितकं जास्त बनवाल, तितकी त्याची जास्त माहिती आधी द्या. थोडं बनवलं तर थोडे प्रश्न, हजार टन बनवलं तर प्रश्नांचा ढीग. आमची परदेशी गिऱ्हाइकं हे कागद मागतात, आणि आपल्याकडेही असे कायदे येणार, येणार, असं मी लागल्यापासून ऐकते आहे. आई शेजारणींना सांगते, "माही पोरगी केमिकलच्या पत्रिका बनवते. तिची सोताची कोनाशी जुळवून नाई राहिली, त्याचं काय?"

बाबांना तो टनांचा नियम अजिबात पटला नाही. "उलटं हाय तुमचं," ते म्हणाले. "जे टनानं बनते, ते वाईट कसं असन? ते तर साऱ्याच्या कामाचं असते. विष शिशीत भेटते. ड्रमात विष कोन भरन?"

मी म्हणाले, "बाबा, शिशी एका माणसाच्या हातात जाते. ड्रम लाख माणसांच्या अंगणात जातो. म्हणून ड्रमाची चौकशी जास्त."

"अंगनात जाऊन काय करते? अंगनात बसते," असं म्हणून त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. वाद जिंकल्यावर ते पेपर धरतात, आणि हरल्यावरही.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. हे सगळं मी बोलत होते, पगार घेत होते, आणि आमच्याच अंगणात भिंतीला लागून अकरा ड्रम उभे होते, त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. ते माझ्या जन्मापासून नसले तरी कळायला लागल्यापासून तिथेच होते. तुळशीची कुंडी, सायकल, ड्रम. घरच्या वस्तूंना कोणी पत्रिका विचारतं का?

ते लक्षात आणून दिलं आमच्या फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यानं. मार्चमध्ये मी कामगारांसाठी एक वर्ग घेतला. लाल चौकटीतली चित्रं पडद्यावर दाखवली. ज्वाळेचं चित्र म्हणजे पेट घेतं. मेलेला मासा आणि वाळलेलं झाड म्हणजे पाण्यात गेलं तर पाण्यातलं मरतं. माणसाच्या छातीवर फुटलेली चांदणी म्हणजे आतून, हळूहळू, वर्षांनी त्रास. शेवटी मी जरा आवाज चढवून म्हणाले की रिकामे ड्रम कोणीही घरी न्यायचे नाहीत, पाण्याला तर मुळीच वापरायचे नाहीत, कारण प्लास्टिक थोडं रसायन शोषून ठेवतं आणि नंतर पाण्यात सोडतं.

मागच्या रांगेतून तो फोर्कलिफ्टवाला उठला. गोंदियाकडचा, आमच्यापैकीच. अगदी अदबीनं म्हणाला, "म्याडम, राग नका मानू. पन तुमच्या बाबाच्या गाडीवर काई ड्रम तर मीच चढवले ना. याच फाटकातून. चार साल झाले. मंग ते वापस आनाचे का?"

सगळा वर्ग हसला. मी पण हसले. माझे कान मात्र इतके तापले होते की चित्रातली ती ज्वाळा तिथेच लावावी. डबा न खाता मी स्कूटी काढली.

घरी येऊन मी जे बोलले ते नीट बोलले असते तर पुढचे दोन आठवडे वाचले असते. पण मला राग आला की आधी तोंड चालतं. बाबा दारातच बसले होते, जयंती तीन आठवड्यांवर आली म्हणून ड्रमांकडे प्रेमानं बघत. मी म्हणाले, "बाबा, यंदा हे ड्रम जयंतीला जाणार नाहीत."

"कावून?"

"त्यांत काय होतं ते आपल्याला माहीत नाही."

"मले माहीत हाय. काई नोतं. वास नाई येत."

"ज्याला वास नाही ते काहीच नाही, असं नसतं बाबा."

"तीस वरसं नाकावर नोकरी केली मी. तुले दोन साल झाले, अन् मले शिकवून राहिली?" ते उभे राहिले. "वीस वरसं लोक पाणी पिऊन राहिले. कोनाले काय झालं? नाव सांग एकाचं."

"तुम्ही तपासलं कसं, पण? वासानं?"

"वासानं, अन् पिऊन." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आधी मी पेतो ना. साऱ्याच्या आधी. मंग पंधरा-वीस मिनिटं पाह्यतो, काई होते का. मले काई झालं तर लोकायले द्याचंच नाई. म्हनून तर तुह्या मायले बी पहिले पिऊ देत नाई."

वीस वर्षं ज्याला आम्ही तोरा समजत होतो, ती तपासणी होती. माझ्या बापानं वीस वेळा स्वतःवर प्रयोग केला होता, भर चौकात, पांढऱ्या कपड्यांत, आणि आम्ही त्यांना चिडवत होतो. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण नोकरीची सवय वाईट. तोंडातून निघालं, "पंधरा मिनिटांत जे कळतं ते वेगळं, बाबा. दहा वर्षांनी कळतं ते त्या ग्लासात दिसत नाही."

हे वाक्य खरं होतं आणि त्या क्षणी बोलण्याच्या लायकीचं नव्हतं. बाबा आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "ड्रम नाई, तं मी बी नाई. सांग कमिटीले."

मग अबोला. आमच्या घरात अबोला म्हणजे बोलणं बंद नसतं, ते आईमार्फत होतं. मी समोर बसलेली असताना बाबा आईला म्हणायचे, "मोठ्या साइंटिस्टले विचार, चहात साखर चालन का." आई म्हणायची, "मी का टेलिफोन हाव?" कमिटीच्या अध्यक्ष काकांचा फोन आला तर बाबांनी उचलला नाही. ते संध्याकाळचे चौकात जायचे, ते बंद झालं. जयंतीचे दिवस जवळ येत होते आणि माणूस अंगणात ड्रमांकडे पाठ करून बसायला लागला. पाणी त्यांच्या हातून गेलं तर त्यांच्या हाती काय उरणार, हा विचार मला ऑफिसातही सोडेना. ड्रम वाईट आहेत हे मला पटलेलं होतं, आणि तरी रोज वाटायचं की एक कागद असा सापडावा ज्यावर लिहिलेलं असेल, काळजी नको, हे चांगले आहेत.

पण कागद होता कुठे? ड्रम आतून बाहेरून सारखे. कशात काय होतं ते लेबलावर असतं, आणि लेबलं तर बाबांनी उन्हात सोलून टाकलेली. तळाला पांढऱ्या रंगात, लेबलावर असतो तोच, ड्रमाचा नंबर तेवढा होता, तिथवर बाबांचा हात गेला नव्हता. पण नुसत्या नंबरानं काय कळणार? इतक्या जुन्या नोंदी आमच्या ऑफिसात कोणी जपलेल्या नव्हत्या.

जयंतीआधी आमच्याकडे घर धुऊन काढतात. त्या रविवारी आईनं स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या केल्या. स्टीलचे डबे मी खाली उतरवत होते. फळीवरचे जुने पेपर आईनं ओढले आणि मी साखरेचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. पेपराखाली, फळीला घट्ट चिकटून, लाल चौकटीत एक मेलेला मासा माझ्याकडे बघत होता.

"आई, हे काय आहे?"

"कोनतं? ते?" आईनं ओल्या फडक्यानं मासा पुसला. "तुह्या बाबाचे ड्रमाचे कागद. कसे मजबूत असतात, पाणी लागलं तरी गळत नाई. गोंद तर लावलेलाच असते. फळीले वाळवी लागू नये म्हनून चिकटवले. चांगली वस्तू फेकाची कायले?"

मसाल्याच्या फळीवर ज्वाळा होती. तूरडाळीच्या खाली बाटलीतून हातावर सांडणारं काहीतरी. लोणच्याच्या बरणीखाली नुसतंच एक उद्गारचिन्ह. मी लहानपणापासून ज्या चित्रांवर ठेवलेलं खाल्लं, तीच चित्रं लोकांना शिकवण्याचा पगार घेत होते. मी फरशीवर बसून इतकी हसले की आई घाबरली. मग तीही हसायला लागली, का ते न कळताच. आणि हे काय चाललं आहे ते बघायला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा, बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"बाबा, चष्मा आणा," मी म्हणाले. "आणि तळाचे नंबर वाचा. मी फळी वाचते."

त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं. मग चष्मा घेऊन अंगणात गेले. खिडकीतून त्यांचा आवाज यायला लागला, एकेक आकडा, प्लांटमध्ये गेज वाचून सांगावं तसा सावकाश आणि स्पष्ट. मी फळ्यांवर वाकून जुळवत होते. आई मध्ये उभी राहून दोघांचं ऐकत होती आणि चुकलं की ओरडत होती, "सात म्हनलं, सात! एक नाई!" दुपार कशी गेली ते कळलं नाही. स्वयंपाक झाला नाही, कोणी विचारलाही नाही. अकराच्या अकरा ड्रम जुळले.

सात ड्रमांत ग्लिसरीन होतं, कारखान्याचं, पिण्यासाठी बनवलेलं नसलं तरी सौम्य. दोनांत भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी, उद्गारचिन्ह त्यांचं. बाकीचे दोन मात्र तसे नव्हते. एकात कूलंट नासू नये म्हणून घालायचं औषध होतं, तोच मासावाला, हातावर सांडणारं चित्रही त्याचंच. दुसऱ्यात रंग पातळ करायचं द्रावण, आणि त्याच्या लेबलावर मसाल्याच्या फळीवरच्या ज्वाळेशेजारी चांदणीवाला माणूस, तो तांदळाच्या डब्याखाली सापडला.

रात्री जेवणानंतर मी वही घेऊन बसले. धोका मोजणं म्हणजे दोन प्रश्न असतात. वस्तू किती वाईट, आणि ती माणसापर्यंत किती पोचते. प्लास्टिकात किती मुरलं असेल, किती वेळा धुतलं, वर्षातून किती दिवस वापर, एका माणसाच्या वाट्याला किती ग्लास, असं सगळं मी जास्तीत जास्त वाईट धरून मांडलं. बाबा खाटेवर पडून झोपल्याचं सोंग करत होते. पुन्हा पुन्हा मांडलं तरी उत्तर फार लहान येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

"बाबा, ऐका. लोकांना काही झालेलं नसणार. आणि ते तुमच्या धुण्यामुळे. राख, चिंच, कढत पाणी, तीन-तीन वेळा. त्या दोन ड्रमांतलं सगळ्यात जास्त तुम्हीच काढून टाकलं."

खाटेवरून आवाज आला, "मंग?"

"पण त्या दोघांचं मला पक्कं माहीत नाही. अशा औषधाची पुरती माहिती कंपन्यांनी दिलेलीच नसते. आणि जे माहीत नाही त्याला मी चांगलं आहे असं म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणाल की ग्लिसरीनवाले चालतील, तर तेही पिण्याच्या पाण्याचे नाहीत."

त्यांनी झोपेचं सोंग सोडून डोळे उघडले. मग म्हणाले, "दोनच वाईट निंगाले ना? अकरातले."

"दोनच."

"नाक एवढं बी वाईट नाई मंग," असं म्हणून त्यांनी कूस बदलली, आणि थोड्या वेळानं खरंच घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर साहेबांना सगळं सांगितलं. फळ्यांसकट. ते आधी हसले, मग गंभीर झाले, कारण असे ड्रम बाहेर जाऊ द्यायचेच नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं. ते दोन ड्रम परत घ्यायचं ठरलं, आणि यापुढे रिकामा ड्रम फाटकाबाहेर जाण्याआधी त्याच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे कोणाला त्यात पाणी साठवताच येणार नाही. बाबा दोन्ही ड्रम स्वतः घेऊन आले. फोर्कलिफ्टवाल्यानं ते उतरवले आणि छिन्नी-हातोडा पुढे केला. "काका, तुमीच करा. तुमचे हाय."

"चांगल्या ड्रमाले भोक!" बाबा पुटपुटले. पहिला घाव त्यांनी इतका हळू घातला की नुसता आवाज झाला. दुसरा बसला. मी बाजूला उभी होते, आणि मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. आमच्या वर्गात मी तासभर बोलून जे सांगू शकले नव्हते ते त्या घावानं सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून फाटकावर कोणी ड्रम मागितला नाही.

राहिली कमिटी. बैठक समाजभवनात होती. मी कागद, आकडे, सगळी तयारी करून गेले होते, बाबांना एक शब्द बोलावा लागू नये म्हणून. पण विषय निघायच्या आत तेच उठले. हातात गुंडाळी होती. फळीवरून गरम पाणी लावून त्यांनी ते लेबल परत सोललं होतं, अर्थात न फाडता. उलगडून त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

"हा मासा पाहा. हा माह्या घरी साखरेच्या डब्याखाली होता. अन् ज्या ड्रमाचा हा कागद, त्यातून मी तुमाले पाणी पाजलं. माह्या पोरीनं तपासलं, कोनाले काई झालं नसन म्हनते. पन मले माहीत नोतं, अन् मी माहीत हाय म्हनून पाजलं. ते चुकलं."

मला वाटलं आता कोणीतरी बोलेल, आणि ते बोलणं बाबांना आयुष्यभर पुरेल. अध्यक्ष काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हंजे स्टीलच्या शहरात राहून आपन प्लास्टिकातलं पाणी पिऊन राहिलो होतो?"

"आपला प्लांट रूळ बनवते," बाबा म्हणाले. "टाक्या नाई."

हशा झाला. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या स्टीलच्या टाक्या आहेत, मागितल्या तर ते नाही म्हणणार नाहीत, असं कोणीतरी सुचवलं. मग प्रश्न आला की यंदा पाण्याचं कोण बघणार. बाबा खाली बघत होते. मागून आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजी काठी टेकत उठल्या. "यात इचारासारखं काय हाय? भांडं बदललं. मानूस कावून बदलवाचा?"

बाबांनी गुंडाळी खिशात घातली आणि ती खिशात मावत नव्हती तरी तशीच घालत राहिले.

चौदा एप्रिलला ऊन नेहमीसारखंच. चौकात लंगरच्या तीन टाक्या चकाकत होत्या, मी आतून-बाहेरून तपासलेल्या. बाबांनी त्या राखेनं तीनदा धुतल्या, गुरुद्वाऱ्यातून धुऊन आल्या होत्या तरी. उरलेल्या नऊ ड्रमांतलं पाणी रस्त्यावर शिंपडायला वापरलं, म्हणजे रॅलीच्या पायाखाली धूळ बसली. फोर्कलिफ्टवाला बायकोमुलांना घेऊन आला होता आणि मला बघून मुद्दाम म्हणाला, "म्याडम, याची पत्रिका हाय ना?"

निळे झेंडे कोपऱ्यावरून दिसायला लागले. लिंबं पिळून झाली, साखर, मीठ, बर्फ. बाबांनी मोठ्या पळीनं ढवळलं आणि पहिला ग्लास भरला. लोक आपोआप थांबले, इतक्या वर्षांची सवय. मी नकळत घड्याळाकडे पाहिलं. आईनं तोंड वाकडं करून तयारी केली, तिचं ते दरवर्षीचं वाक्य म्हणायची.

बाबांनी ग्लास तिच्यापुढे धरला. "तू पे."

आईनं विचारलं, "अन् तुमी?"

"मी मागून पेतो. यंदा पोरीनं पाह्यलं हाय."

आईनं पदराला हात पुसून ग्लास घेतला. मी पटकन पळी उचलून ढवळायला लागले, जे ढवळून झालं होतं तेच. एवढा मोठा शेरा माझ्या कामावर आजवर कोणी दिलेला नव्हता, परदेशी गिऱ्हाइकांनीसुद्धा नाही.

आईनं दोन घोट घेतले, जरा थांबली, आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

बाबांनी साखर घातली, पुन्हा ढवळलं, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "हं, या आता."